अस्वलरोधक डबा असूनही शिधा जातो, तेव्हा बिघाड नेमका कुठे शोधावा

कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडात, अलास्कातल्या डेनालीत किंवा न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅडिरॉन्डॅकच्या डोंगरांत मुक्कामी भटकंती करणाऱ्यांची एक तक्रार दर हंगामात नव्याने ऐकू येते. नियमाप्रमाणे अस्वलरोधक डबा घेतला, सव्वा किलोचे जादा ओझे पाठीवर वाहिले, आणि तरीही सकाळी उठून पाहिले तर शिधा गेलेला होता. अशा वेळी बहुतेकांचा निष्कर्ष एकच असतो, तो म्हणजे डबाच कुचकामी आहे. हा निष्कर्ष क्वचित बरोबर असतो, पण बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि तो चुकीचा असतो तेव्हा माणूस दुसरा, महागडा डबा घेऊन पुढच्या वर्षी तीच चूक पुन्हा करतो. म्हणून डब्याला दोष देण्याआधी एक प्रश्न स्वतःला नीट विचारावा: डबा फुटला, उघडला, हरवला, की जे अन्न गेले ते मुळात डब्यात नव्हतेच? या चारही गोष्टींची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत.

आधी हा डबा अस्वलाला अडवतो कसा, हे समजून घेतलेले बरे. त्याची ताकद केवळ भिंतीच्या जाडीत नाही. साधारण बावीस सेंटीमीटर व्यासाचे, गुळगुळीत, कुठेही कडी किंवा मूठ नसलेले नळकांडे अस्वलाच्या जबड्यात मावत नाही, आणि पंजा मारला की ते घरंगळते. दाताला पकड मिळत नाही, नखाला फट मिळत नाही, आणि काही वेळ खटपट करून जनावर निघून जाते. काळ्या रंगाचा, एबीएस प्लास्टिकचा, झाकणावर दोन खिट्ट्या असलेला गार्सियाचा जुना डबा असो की आरपार दिसणाऱ्या पॉलिकार्बोनेटचा, फिरकीच्या झाकणाचा बेअरव्हॉल्ट असो, तत्त्व हेच आहे. या तत्त्वात बाधा आणणारी कोणतीही गोष्ट आपण डब्यावर केली, उदाहरणार्थ वाहून नेण्याच्या सोयीसाठी त्याला दोरी गुंडाळून ठेवली, तर आपण अस्वलाला पकड मिळवून देतो.

दुसरी गोष्ट प्रमाणपत्राची. अमेरिकेतली ग्रिझली (तपकिरी रंगाच्या, मोठ्या आकाराच्या) अस्वलांविषयीची आंतरसंस्था समिती, जी आयजीबीसी या नावाने ओळखली जाते, ती डब्यांची चाचणी माँटाना राज्यातल्या वेस्ट यलोस्टोन येथील केंद्रात पाळलेल्या ग्रिझलींकडून करून घेते. आत खाद्य भरलेला बंद डबा त्यांच्यापुढे ठेवला जातो, आणि चावणे, ओरबाडणे, दाबणे असा प्रत्यक्ष झटापटीचा वेळ मोजून साठ मिनिटे डबा टिकला तर तो उत्तीर्ण होतो. ही चाचणी कठोर आहे आणि माझा तिच्यावर विश्वास आहे. मात्र ती चाचणी झाकण पूर्ण बसलेल्या डब्याची असते, हे लक्षात ठेवले पाहिजे. झाकण अर्धे फिरवलेला डबा, कड्याच्या टोकावर ठेवलेला डबा किंवा स्वयंपाक चालू असताना उघडा राहिलेला डबा यांना कोणीही प्रमाणपत्र दिलेले नाही.

झाकण बसले असे वाटते, पण बसलेले नसते

सर्वांत जास्त लक्ष द्यावे अशी जागा हीच आहे. फिरकीच्या झाकणाच्या डब्यात झाकणाच्या कडेला उंचवटे असतात. झाकण फिरवत नेले की ते डब्याच्या अंगावरच्या अडथळ्याला टेकतात, तिथे हाताला विरोध जाणवतो, आणि आणखी जोर लावला की उंचवटा अडथळ्यापलीकडे सरकतो. बेअरव्हॉल्टच्या मोठ्या डब्यांवर असे दोन टप्पे येतात. दमलेला माणूस अंधारात पहिला विरोध जाणवताच थांबतो, कारण घट्ट झाले असे हाताला वाटते. वास्तविक त्या क्षणी झाकण मोकळेच असते, आणि ते उलट फिरायला अस्वलाच्या पंज्याचा एक फटका पुरतो. म्हणून केवळ हाताच्या अंदाजावर न विसंबता टॉर्च लावून दोन्ही उंचवटे अडथळ्याच्या पलीकडे गेले आहेत हे डोळ्यांनी पाहावे, आणि मग उंचवटा न दाबता झाकण उलट फिरवून पाहावे. ते जागचे हलता कामा नये.

झाकण शेवटपर्यंत न जाण्याची कारणे बहुधा दोनच असतात. पहिले कारण म्हणजे आट्यांतली घाण. मुक्कामावर झाकण काढून आपण ते सवयीने जमिनीवर ठेवतो, आणि सिएरातली ग्रॅनाइटची भरड वाळू आट्यांना चिकटते. बंद करताना करकर असा आवाज आला की तिथेच थांबावे, झाकण काढावे आणि कोरड्या कापडाने किंवा जुन्या दात घासायच्या ब्रशने आटे स्वच्छ करावेत. जोर लावून झाकण तसेच पुढे ढकलले तर वाळूचे कण प्लास्टिकमध्ये रुततात आणि आट्यांची कायमची नासाडी होते. झाकण नेहमी उताणे, म्हणजे आटे वर येतील असे ठेवण्याची सवय लावली तर ही अडचण जवळजवळ संपते. दुसरे कारण म्हणजे ठासून भरलेला डबा. वरच्या पिशव्या झाकणाला आतून वर रेटत असतील तर झाकण तिरके चढते, एका बाजूचे आटे बसतात आणि दुसऱ्या बाजूचे बसत नाहीत. झाकणाच्या खाली दोन बोटे जागा राहील इतकेच भरावे.

गार्सियासारख्या डब्यात झाकण आत बसते आणि त्यावरच्या दोन खिट्ट्या नाण्याने फिरवून बंद कराव्या लागतात. इथे चूक वेगळ्या तऱ्हेने होते. एक खिट्टी फिरवली जाते आणि दुसरी राहून जाते, किंवा झाकण नीट खाली गेलेले नसताना खिट्टी फिरते खरी, पण डब्याच्या काठाखाली अडकत नाही. झाकण तळहाताने चहूबाजूंनी दाबून मगच नाणे फिरवावे, आणि शेवटी बोटांच्या टोकांनी झाकण वर ओढून पाहावे. नाणे मात्र चुकूनही डब्याच्या आत ठेवू नये. ते भांड्यांच्या पिशवीत किंवा सॅकच्या वरच्या खणात ठरलेल्या जागी असावे.

या ठिकाणी अ‍ॅडिरॉन्डॅकमधल्या एका अस्वलाचा उल्लेख आवश्यक आहे, कारण डबा खरोखरच हरला याचे ते सर्वांत परिचित उदाहरण आहे. तिथल्या हाय पीक्स भागात दोन्ही कानांना पिवळ्या खुणा असल्यामुळे यलो-यलो म्हणून ओळखली जाणारी एक काळी अस्वलीण फिरकीच्या झाकणाचा उंचवटा दाताने दाबून झाकण फिरवायला शिकली होती. बेअरव्हॉल्ट कंपनीने एकाच्या जागी दोन उंचवटे केले, तेही तिने सोडवले. २०१२ साली ती शिकारीत मारली गेली. राज्याच्या पर्यावरण संवर्धन विभागाने त्या भागात त्या बनावटीचा डबा न वापरण्याची सूचना दिली होती. यातून दोन गोष्टी घ्याव्यात असे मला वाटते. एक म्हणजे डब्याची विश्वासार्हता प्रदेशागणिक बदलू शकते, त्यामुळे परवाना काढताना त्या त्या उद्यानाची किंवा वनक्षेत्राची चालू मान्य यादी पाहणे टाळता येत नाही. दुसरे म्हणजे हा अपवाद आहे. त्याच बनावटीचे डबे सिएरात आणि इतरत्र मान्य आहेत आणि तिथे ते आपले काम नीट करतात.

पहाटे झाकण उघडत नाही

ही तक्रार अन्न जाण्याची नाही, पण तिच्यामुळे माणूस पुढच्या रात्री झाकण मुद्दाम सैल ठेवतो, आणि तिथूनच पुढचा अनर्थ घडतो. म्हणून तिचे निवारण आधी करायला हवे.

उंचावर आणि थंडीत तीन गोष्टी एकत्र येतात. गारठ्याने प्लास्टिक कडक होते आणि उंचवटा सहज वाकत नाही. आट्यांत शिरलेले दव किंवा वाफ रात्री गोठते. शिवाय बोटांत जोर नसतो. यावर सर्वांत साधा उपाय म्हणजे क्रेडिट कार्डसारखे लवचीक, पातळ कार्ड झाकणाचा उंचवटा आणि डब्यावरचा अडथळा यांच्या मधोमध सरकवणे. कार्डावरून उंचवटा घसरत पलीकडे जातो आणि फार जोर लागत नाही. कार्ड नसेल तर डबा काही वेळ उन्हात ठेवावा, किंवा झाकणाच्या कडेला दोन्ही तळहात धरून ऊब द्यावी. कोमट पाण्यात भिजवून पिळलेले फडकेही चालते. चाकूच्या टोकाने उंचवटा उचकटण्याचा मोह मात्र आवरावा, कारण तो तुटला तर डब्याचे कुलूपच गेले.

एक कारण फारसे कोणी लक्षात घेत नाही. समुद्रसपाटीजवळ विकत घेतलेली हवाबंद पाकिटे तीन हजार मीटरवर नेली की तिथे हवेचा दाब खालच्या दाबाच्या साधारण सत्तर टक्केच उरलेला असतो, आणि पाकिटांतली हवा फुगून झाकणाला आतून रेटू लागते. पायथ्याशी सहज बंद झालेला डबा वरच्या मुक्कामावर उघडता येत नाही, किंवा उघडला तर पुन्हा बंद होत नाही, याचे मूळ बहुधा इथे असते. निघण्याआधी प्रत्येक हवाबंद पाकिटाला टाचणीने एक भोक पाडून आतली हवा दाबून काढावी आणि भोकावर चिकटपट्टीचा तुकडा लावावा. जागा तर वाचतेच, झाकणही ऐकते.

डबा शाबूत, पण जागेवर नाही

सकाळी डबा ठेवल्या जागी नसणे ही सर्वांत घाबरवणारी गोष्ट असते, आणि तरीही तिच्यात बहुतेक वेळा अन्न सुरक्षित असते. अस्वलाने डबा लोळवला, काही वेळ झगडले आणि सोडून दिले. तो उताराच्या दिशेने, झुडपात किंवा खळग्यात सापडतो. डब्यावर परावर्तक पट्टीचे दोन-तीन तुकडे आणि न पुसणाऱ्या शाईने आपले नाव लिहिलेले असेल तर शोध खूप सोपा होतो. पारदर्शक निळसर डबा झुडपात दिसत नाही आणि काळा डबा सावलीत दिसत नाही, त्यामुळे ही पट्टी मी अनिवार्यच मानतो.

खरा धोका जागेच्या निवडीत आहे. सिएरातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या स्नो क्रीक परिसरात एका अस्वलाने डबे कड्यावरून खाली ढकलून फोडण्याची युक्ती शिकल्याचे तिथल्या रेंजरांनी सांगितले आहे. साठ मिनिटे दात-नखांना पुरून उरलेली भिंत शेकडो फूट खाली खडकावर आदळल्यावर टिकेल अशी अपेक्षा करणेच चुकीचे आहे. कडा, तीव्र उतार, ओढ्याचा किंवा तळ्याचा काठ ही ठिकाणे पूर्ण वर्ज्य करावीत. सपाट जागा किंवा उथळ खळगा निवडावा आणि तंबूपासून किमान शंभर फूट म्हणजे तीस मीटर अंतर ठेवावे. ग्रिझलींच्या प्रदेशात झोपण्याची, रांधण्याची आणि अन्न ठेवण्याची जागा एकमेकींपासून शंभर यार्ड, म्हणजे सुमारे नव्वद मीटर दूर ठेवण्याचा सल्ला दिला जातो आणि तो पाळावा.

अनेक जण डबा दोन दगडांमध्ये गच्च अडकवून ठेवतात. माझे मत याच्या विरुद्ध आहे. डबा घरंगळतो हीच त्याची ढाल आहे. तो जागच्या जागी पक्का धरून ठेवला की जनावराला त्यावर वजन टाकून दाबता येते आणि झाकणावर दात टेकवता येतात. खळगा किंवा दाट झुडूप डब्याला दूर जाऊ देत नाही आणि घट्ट धरूनही ठेवत नाही, म्हणून तेच बरे. झाडाला टांगणे तर अगदीच अनावश्यक आहे, आणि दोरीच्या निमित्ताने डबा ओढून नेण्याची सोय त्यातून होते.

पाऊस असेल तर आणखी एक बारकावा पाहावा. झाकण आत बसणाऱ्या डब्यावर पाणी साचते आणि कडेने आत झिरपते, फिरकीच्या झाकणाच्या आट्यांतूनही ते शिरते. झाकण खाली येईल असा डबा उलटा ठेवला की ही अडचण राहत नाही. आतले धान्य-पीठ तरीही स्वतंत्र पिशव्यांत असावे.

गेलेले अन्न डब्यात नव्हतेच

माझ्या अंदाजाने डब्याच्या नावावर खपणाऱ्या तक्रारींपैकी पुष्कळशा या प्रकारात मोडतात, आणि याच्या मुळाशी आकारमानाचा चुकीचा हिशेब असतो. गार्सियाचा डबा साधारण दहा लिटरचा आहे, बेअरव्हॉल्टचा मोठा डबा साडेअकरा लिटरचा. एका माणसाचा एका दिवसाचा शिधा, काळजीपूर्वक बांधला तर, दीड ते दोन लिटर जागा घेतो. म्हणजे एका डब्यात पाच ते सात दिवसांचा शिधा कसाबसा बसतो. लोक शिध्याचा हिशेब करतात आणि वासाच्या इतर वस्तूंना विसरतात. दंतमंजन, साबण, उन्हाचा मलम, ओठांना लावायचा मलम, वासाची औषधे आणि दिवसागणिक वाढत जाणारा कचरा, हे सगळे डब्यातच जायला हवे. पहिल्या रात्री ते मावत नाही, मग दंतमंजन तंबूत राहते आणि सुक्या मेव्याची पिशवी सॅकच्या कमरपट्ट्याच्या खिशात. अस्वल सॅक फाडून ती नेते, आणि दोष डब्याकडे जातो. डबा वास रोखत नाही, त्याने अस्वल लांब राहत नाही. ते येणार हे गृहीत धरूनच बाहेर काय राहिले आहे ते पाहावे लागते.

यावर उपाय घरीच होतो. खोकी आणि मूळ वेष्टने काढून टाकावीत, जागा खाणारे पदार्थ टाळावेत, तेल व सुकामेवा यांसारखे कमी जागेत जास्त ऊर्जा देणारे पदार्थ निवडावेत. शेवटच्या दिवसाचा शिधा तळाशी आणि पहिल्या दिवसाचा वर असा भरावा, मऊ पिशव्या मोकळ्या जागांत दाबून बसवाव्यात. पहिल्या दिवशी दुपारी वाटेत खायचे जेवण डब्याबाहेर असले तरी चालते, कारण ते रात्रीपर्यंत उरत नाही. मात्र पहिल्या रात्रीपासून सर्व काही आत बसले पाहिजे. निघण्याच्या आदल्या दिवशी सगळे सामान प्रत्यक्ष भरून, झाकण लावून पाहणे हीच खरी परीक्षा आहे. मावत नसेल तर दोघांत तीन डबे न्यावेत किंवा मुक्कामांची संख्या कमी करावी. यात तिसरा मार्ग नाही.

हाच दोष मुक्कामावर दुसऱ्या रूपात दिसतो. स्वयंपाक चालू असताना झाकण बाजूला पडलेले असते, सगळे सूर्यास्त पाहायला किंवा पाणी आणायला जातात, आणि अस्वल किंवा एखादे रॅकून तेवढ्यात येते. वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिक उद्यानाच्या किनारपट्टीवर डब्याचा नियम मुख्यतः रॅकूनांसाठी आहे, हे पाहिले की धोका फक्त मोठ्या जनावराचा नसतो हे कळते. हव्या त्या वस्तू काढून घेतल्या की लगेच झाकण लावून पूर्ण बंद करावे, मग आपण हातभर अंतरावर बसलेले असलो तरीही.

कापडी पिशवीविषयी थोडेसे

डब्याऐवजी अतिशय मजबूत धाग्याने विणलेली अरसॅकसारखी पिशवी वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तिचा काही प्रकार आयजीबीसीच्या यादीत असला तरी योसेमिटीत ती मान्य नाही, तिथे कठीण कवचाचा डबाच लागतो. शिवाय पिशवी फाटली नाही तरी आतले अन्न चिरडून लाळेने भिजू शकते. मान्य असेल त्या भागात हलके वजन हा तिचा खरा फायदा आहे, पण गाठ शिथिल राहिली तर तिचाही उपयोग नाही.

डबा खरोखर फुटला किंवा तडकला असेल तर

असे डबेही असतात, आणि त्यांचे कारण पुष्कळदा अस्वलाच्या आधीचे असते. डासांसाठी लावायच्या डीईईटीयुक्त द्रवाने पॉलिकार्बोनेट आणि तत्सम प्लास्टिक खराब होते, त्यामुळे तो द्रव लावलेल्या हातांनी डबा हाताळू नये आणि ती बाटली आत ठेवायची असेल तर दुहेरी पिशवीत ठेवावी. स्टोव्हसाठीचे द्रव इंधन व तीव्र रसायनेही दूर ठेवावीत, धुताना साधे कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरतो. प्रत्येक मोहिमेआधी डबा उजेडासमोर धरून काठ, आटे आणि तळाचा कोपरा तपासावा. वरवरचे ओरखडे निरुपद्रवी असतात, पण काठापासून निघालेली केसासारखी बारीक रेघ हा तडा असतो, आणि चिकटपट्टी किंवा गोंद लावून तो डबा पुन्हा विश्वासार्ह होत नाही. भाड्याचा डबा घेतानाही हीच तपासणी खिडकीपाशी उभे राहून करावी आणि झाकण दोनदा लावून-काढून पाहावे.

मुक्कामावर प्रत्यक्ष अस्वल डब्याशी झटत असताना काय करावे हे प्रदेशावर अवलंबून असते. कॅलिफोर्नियात १९२४ नंतर ग्रिझली दिसल्याची खात्रीशीर नोंद नाही, तिथे फक्त काळी अस्वले आहेत, आणि त्यांना सुरक्षित अंतरावरून मोठ्याने ओरडून हाकलता येते. डेनालीत किंवा यलोस्टोनच्या परिसरात ग्रिझली असू शकते, तिथे जवळ जाऊ नये. कुठेही असलो तरी अस्वलाच्या ताब्यात एकदा अन्न गेले की ते परत मिळवण्याचा प्रयत्न करू नये.

त्यानंतर उरलेला शिधा सोबत्यांच्या डब्यांत सामावून घ्यावा, सांडलेले कण आणि फाटकी वेष्टने वेचावीत, आणि शिधा पुरत नसेल तर जवळच्या वाटेने बाहेर पडावे. रेंजरना कळवताना डब्याची बनावट, तो कुठे आणि कोणत्या स्थितीत ठेवला होता, झाकण सापडले तेव्हा पूर्ण बसलेले होते का, उंचवटे किंवा खिट्ट्या शाबूत आहेत का, आणि अस्वलाच्या कानाला खूण होती का, एवढे तपशील सांगावेत व शक्य तर छायाचित्रे द्यावीत. संकोचाने झाकणाविषयी काही लपवू नये. कोणता डबा कोणत्या भागात मान्य ठेवायचा आणि कोणत्या मुक्कामावर जादा गस्त घालायची हे अशाच नोंदींवरून ठरते, आणि अन्नाला चटावलेले अस्वल लवकर ओळखले गेले तर त्याला ठार करण्याची वेळ टाळण्याची शक्यता राहते.